गाडीची टेस्टिंग थंडीत, उन्हात आणि उंचावर: पहिल्या कागदापासून परतीच्या धुण्यापर्यंत

टेस्टिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तो व्हिडिओ येतो, गोठलेल्या तळ्यावर गाडी आडवी घसरतेय, मागे बर्फाचा धुरळा आणि ड्रायव्हर एकदम मजेत. होतं तसं, नाही असं नाही, पण दिवसातली दहा-पंधरा मिनिटं. बाकीचा वेळ गाडी नुसती उभी असते आणि चार माणसं तिच्याभोवती हात चोळत फिरत असतात. आणि हवामानाची खरी टेस्ट त्या उभं राहण्यातच होते. गाडी रात्रभर कुठे उभी होती, आतून किती थंड झाली, बॅटरी किती चार्ज होती, टाकीत कुठलं इंधन होतं हे नीट लिहिलेलं नसेल तर सकाळी तिने स्टार्ट घेतला काय आणि नाही घेतला काय, दोन्हीला अर्थ नाही. तर हे सगळं कसं करायचं ते क्रमाने सांगतो, नवीन टेस्ट इंजिनियर असाल, कॉलेजच्या टीमची गाडी ट्रॅकवर न्यायची असेल किंवा नुसतं कुतूहल असेल, कोणालाही वाचता येईल असं.

प्रूव्हिंग ग्राउंड लागतं कशाला

१९२४ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत मिशिगनमधल्या मिलफोर्डला खास गाड्यांच्या टेस्टसाठी जागा बांधली, आणि गाड्यांसाठीचं पहिलं प्रूव्हिंग ग्राउंड म्हणून तीच धरतात. त्याआधी कंपन्या सरळ सार्वजनिक रस्त्यावर गाड्या पळवायच्या. पण रस्त्यावर आज पाऊस, उद्या ट्रॅफिक, परवा डांबर उखडलेलं, मग कालच्या आकड्याची आजच्याशी तुलना करणार कशी? प्रूव्हिंग ग्राउंड म्हणजे रोज तोच रस्ता, तेच खड्डे, तोच चढ. मुद्दाम बांधलेले खड्डे हो, आणि एखादा झिजला तर परत मोजून तसाच करतात.

ट्रॅक प्रत्येक ठिकाणी थोडे वेगळे, पण जात तीच. सगळ्यात मोठा असतो हायस्पीड ट्रॅक. इटलीत नार्दोला १९७५ पासून असलेला गोल ट्रॅक १२.६ किमीचा आहे, आता तो पोर्शकडे आहे. आपल्याकडे मध्य प्रदेशात पीथमपूरला नॅट्रॅक्स नावाची टेस्टची जागा आहे, तिचा हायस्पीड ट्रॅक ११.३ किमीचा, तो २०२१ मध्ये सुरू झाला. जर्मनीत एरा-लेसिनला फोक्सवॅगनकडे जवळपास पावणेनऊ किमीची सरळ पट्टी आहे आणि तिथेच २०१९ मध्ये बुगाती शिरोनच्या एका खास आवृत्तीने ताशी ४९०.४८ किमी वेग गाठला.

अशा ट्रॅकवर जायच्या आधी न्यूट्रल स्पीड समजून घ्या, कारण पहिल्या दिवशी ट्रेनिंगमध्ये हेच विचारतात. वळणावर रस्ता बाहेरच्या बाजूने उचललेला असतो, त्यामुळे एका ठराविक वेगाला गाडीला वळवायला लागणारा सगळा जोर त्या उतारातूनच मिळतो आणि स्टीअरिंग सरळ धरलं तरी गाडी लेन सोडत नाही. नार्दोच्या सगळ्यात बाहेरच्या लेनचा हा वेग ताशी २४० किमी आहे. म्हणजे ड्रायव्हरला वाटतं आपण सरळ चाललोय! ताशी ८० ने त्याच लेनमध्ये गेलात तर गाडी सतत आतल्या बाजूला सरकायला बघते, म्हणून वेगाप्रमाणे लेन ठरवून दिलेली असते आणि ती मनाने बदलायची नाही.

बाकी मग बेल्जियन दगडी फरसबंदीसारखा हाडं खिळखिळी करणारा रस्ता, गोल फिरायला स्किडपॅड, वेगवेगळ्या उताराचे घाट, पाण्याचा हौद, धुळीचा बोगदा, आणि लो-फ्रिक्शन पट्टी. ही शेवटची हवामानासाठी महत्त्वाची. बसाल्टच्या गुळगुळीत फरश्या आणि त्यावरून सतत वाहणारं पाणी, त्यामुळे भर उन्हाळ्यातसुद्धा निसरड्या रस्त्यासारखी पकड मिळते. कोरड्या डांबरावर घर्षणाचा आकडा साधारण ०.८ ते १ असतो, बर्फाच्या गुळगुळीत थरावर ०.१ च्या आसपास, आणि या ओल्या फरश्या मध्ये कुठेतरी. एका बाजूची चाकं डांबरावर आणि दुसऱ्या बाजूची फरशीवर ठेवून ब्रेक मारला की एबीएसची, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, खरी परीक्षा होते, गाडी गर्रकन फिरते की सरळ थांबते ते लगेच दिसतं.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

"गाडी थंडीत चालते का" हा प्रश्नच नाही. "उणे २५ अंशांवर रात्रभर थंड झालेली गाडी, बॅटरी ७० टक्के चार्ज असताना, पहिल्या प्रयत्नात ठरलेल्या सेकंदांत सुरू होते का आणि सुरू झाल्यावर एक मिनिट बंद न पडता चालते का" हा प्रश्न. पास-नापास कशाला म्हणायचं ते जायच्या आधी लिहून सही घ्या, कारण नापास झाल्यावर प्रत्येकाला अचानक आठवतं की अरे ही परिस्थिती तर फारच टोकाची होती.

आणि कायद्याची टेस्ट वेगळी, गिऱ्हाईकाची वेगळी, हे मिसळू नका. कायद्याच्या टेस्टला आकडे ठरलेले असतात. उदाहरण द्यायचं तर युरोपच्या नियमात समोरच्या काचेवरचा बर्फ वितळवायची टेस्ट आहे, त्यात गाडी थंड करून काचेवर दर चौरस सेंटिमीटरला ०.०४४ ग्रॅम पाणी फवारून बर्फ जमवतात आणि गाडी सुरू केल्यावर २० मिनिटांत ड्रायव्हरसमोरच्या मुख्य भागातला ८० टक्के बर्फ गेला पाहिजे, ४० मिनिटांत त्याहून मोठ्या भागातला ९५ टक्के. आता २० मिनिटं गाडीत बसून वाट बघणारा गिऱ्हाईक मला दाखवा. म्हणून कंपन्या स्वतःचं टार्गेट यापेक्षा कडक ठेवतात.

पायरी २: जागा आणि महिना

थंडीसाठी स्वीडनचं आर्येप्लोग, आर्क्टिक सर्कलच्या जरा खाली. तीन हजारांच्या आतली वस्ती, पण हिवाळ्यात जगभरच्या कंपन्यांचे इंजिनियर तिथे येऊन पडलेले असतात कारण आजूबाजूला तळीच तळी आणि ती सगळी गोठतात. फिनलंडमध्ये इव्हालो, चीनमध्ये याकेशी आणि हेइहे. जूनमध्ये थंडी पाहिजे असेल तर न्यूझीलंडचे डोंगर, तिथे खास उलट्या मोसमासाठी टेस्टची जागा आहे.

उन्हासाठी अमेरिकेतली डेथ व्हॅली, जिथे १० जुलै १९१३ ला ५६.७ अंशांची नोंद झाली होती आणि जिथला सगळ्यात खोल भाग समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली आहे. शिवाय दक्षिण आफ्रिकेत उपिंग्टन, आखातातलं वाळवंट, चीनमधलं तुर्पान. उंचीसाठी कोलोरॅडोतलं पाइक्स पीक, ४३०२ मीटर, माथ्यापर्यंत गाडीरस्ता. उतारावरच्या ब्रेकसाठी ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनरचा घाट.

महिना निवडताना सरासरी तापमान बघू नका. तुम्हाला उणे २५ पाहिजे आणि महिन्याची सरासरी उणे १४ असेल तर तुमच्या कामाच्या रात्री महिन्यात मोजक्याच येणार, त्यामुळे प्लॅनमध्ये प्रत्येक तापमानासाठी वेगळी कामाची यादी ठेवा. उणे २५ मिळालं तर हे, उणे १० असेल तर ते, आणि शून्याच्या आसपास आलं तर घसरणीच्या टेस्ट. नाहीतर अर्धी टीम खिडकीतून हवामान बघत बसते.

क्लायमेट चेंबर हा दुसरा पर्याय. फ्लोरिडात एग्लिन हवाई तळावर मॅकिन्ली लॅबोरेटरी आहे, तिथल्या मोठ्या चेंबरमध्ये अख्खं विमान मावतं आणि तापमान उणे ५४ पासून अधिक ७४ पर्यंत नेता येतं. चेंबरचा फायदा असा की पाहिजे ते तापमान पाहिजे त्या दिवशी. पण चेंबरमध्ये काय कळत नाही तर पुढच्या गाडीने उडवलेला भुकटीसारखा बर्फ तुमच्या एअर इनटेकमध्ये शिरतो आणि फिल्टर बुजवून टाकतो, किंवा चाकाच्या कमानीत बर्फाचा गोळा बसून टायर त्याला घासायला लागतो. ते रस्त्यावरच कळतं. माझं मत विचाराल तर आधी चेंबर, मग बर्फ. चेंबरमध्ये सापडणारी चूक दोन हजार किलोमीटर लांब जाऊन शोधण्यात काही शहाणपण नाही.

पायरी ३: सेन्सर घरीच बसवा

उणे २५ मध्ये हातमोजे काढून थर्मोकपल (तापमान मोजायची बारीक तार) चिकटवून बघा एकदा, परत नाव घेणार नाही. कमीत कमी इतक्या जागी तापमान मोजा: इंजिन ऑइल, कूलंट, गिअरबॉक्स ऑइल, १२ व्होल्टची बॅटरी, ईव्ही असेल तर बॅटरी पॅकमधले आतले आणि कडेचे सेल, केबिनमध्ये डोक्याच्या आणि पायाच्या उंचीवर, आणि बाहेरची हवा. बाहेरची हवा म्हणजे डॅशबोर्डवर दिसते ती नव्हे, तो सेन्सर बंपरच्या मागे असतो, इंजिनची गरमी खातो आणि सॉफ्टवेअर त्याला मुद्दाम हळू हलू देतं. वेगळा सेन्सर, सावलीत, हवा खेळती, आणि त्याच्यावर थेट ऊन येऊ नये म्हणून कवच.

वायरींना थंडीत चालणारं आवरण घ्या. साधं प्लास्टिक त्या थंडीत काडीसारखं मोडतं. लॅपटॉपचंही तेच, स्क्रीन सुस्तावते आणि बॅटरी ३० टक्के दाखवत दाखवत धाडकन बंद पडते.

आता एक चूक जी जवळपास प्रत्येक जण एकदा करतो आणि मीही केलीय. डेटा लॉगर (सेन्सरचे आकडे नोंदवणारा डबा) गाडीच्याच १२ व्होल्ट बॅटरीवर रात्रभर चालू ठेवला, सकाळी क्रँकिंग, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवणं, कमजोर, सगळे म्हणाले बघा थंडीत बॅटरी मेली. थंडीने नाही मेली, लॉगरने खाल्ली. लॉगरला स्वतःची वेगळी बॅटरी द्या, आणि तिला इन्सुलेशनच्या डब्यात ठेवा.

पायरी ४: आधी सौम्य हवेतला बेसलाईन

गाडी निघायच्या आधी २० अंशांच्या आसपास सगळ्या टेस्ट एकदा करून घ्या. ब्रेकिंगचं अंतर, स्टार्टचा वेळ, एसी आणि हीटर, आवाज, सगळं. नाहीतर बर्फात आलेला कर्रकर्र आवाज थंडीमुळे की पहिल्यापासूनच होता यावर तीन दिवस वाद चालतो.

ब्रेकिंगच्या अंतराला वेगाची दुरुस्ती लावायची असते. ब्रेक मारताना वेग बरोबर १०० कधीच नसतो. मोजलेलं अंतर गुणिले (ठरलेला वेग भागिले खरा वेग) चा वर्ग. १०२ ने ब्रेक मारून ४० मीटर आलं तर दुरुस्त अंतर साधारण ३८.४ मीटर. दोन किलोमीटरच्या फरकाने दीड मीटर जातो, म्हणून जीपीएसचा वेग घ्या, स्पीडोमीटरचा नको, तो जास्तच दाखवतो.

पायरी ५: थंडी

इथे जरा रेंगाळतो कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात.

गाडी थंड करायला उभी ठेवणं याला सगळे सोक म्हणतात. सोक तासांवर मोजू नका, तापमानावर मोजा. "१२ तास उभी होती" याला किंमत नाही, इंजिन ऑइल आणि कूलंट बाहेरच्या हवेच्या एक-दोन अंशांत आलं का ते बघा. आणि ईव्हीचा पॅक म्हणजे काही शे किलोचा ठोकळा, तो ऑइलपेक्षा कितीतरी हळू थंड होतो, कडेचे सेल गार आणि मधले अजून कोमट अशी परिस्थिती सकाळपर्यंत राहते. भिंतीला लागून उभी केलेली गाडी आणि मोकळ्या मैदानात उभी केलेली गाडी यांच्यात फरक पडतो, आणि निरभ्र रात्री तर गाडीचं छप्पर आणि काच हवेपेक्षाही थंड होतात कारण त्यांची उष्णता सरळ आकाशाकडे निघून जाते. दोन गाड्यांची तुलना करायची असेल तर त्या सारख्याच मोकळ्या जागेत, तोंड एकाच दिशेला करून ठेवा, वाऱ्याची बाजू तरी सारखी राहील.

रात्री लॉगर चालू ठेवायचं अजून एक कारण. एकदा सकाळी एका गाडीचं ऑइल शेजारच्या गाडीपेक्षा सहा अंश जास्त. कळेना. रेकॉर्ड बघितलं तर पहाटे तीनला इंजिन चार मिनिटं चालू होतं! बर्फ काढणाऱ्या ट्रॅक्टरला जागा पाहिजे होती म्हणून कोणीतरी गाडी सज्जनपणे बाजूला घेतली होती. लॉगर नसता तर "थंडीत उत्तम स्टार्ट" असा रिपोर्ट गेला असता. तेव्हापासून चावी खोलीत आणि काचेवर मोठा कागद.

सकाळचा क्रमही ठरलेला पाहिजे. रिमोट चावी घेऊन उगाच गाडीजवळ जाऊ नका, आजकालच्या गाड्या चावी जवळ आली की जाग्या होतात, दार उघडलं की फ्युएल पंप प्रेशर बनवायला लागतो. आधी लांबून सगळी तापमानं लिहा, कॅमेरा लावा, मग एकच माणूस दार उघडतो, बसतो, आणि ठरल्याप्रमाणे स्टार्ट देतो. पहिला कोल्ड स्टार्ट दिवसात एकदाच मिळतो. चुकला की उद्या.

कशाकडे बघायचं? लेड-ॲसिड बॅटरीचा क्रँकिंगचा आकडा उणे १८ अंशांवर मोजलेला असतो, त्याखाली ती अजून ढेपाळते आणि त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल जास्त जोर मागतं, म्हणजे दोन्हीकडून मार. ऑइलच्या डब्यावरचा पहिला आकडा इथे कामाला येतो, ०डब्ल्यू ऑइलची क्रँकिंगची घट्टपणाची चाचणी उणे ३५ ला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला. डिझेलमध्ये मेण धरतं आणि फिल्टर बंद पडतो, त्यामुळे टाकीत त्या भागाचं हिवाळी डिझेल आहे ना ते बघा, घरून भरून नेलेलं उन्हाळी डिझेल पाइपात राहिलं तरी पुरे आहे खोळंबा करायला. ॲडब्लू, म्हणजे डिझेलचा धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं पाणी, उणे ११ ला गोठतं, त्याचा हीटर ते किती वेळात वितळवतो ते मोजा. कूलंट निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल असेल तर साधारण उणे ३७ पर्यंत निभावतं.

टायरमधली हवा दर १० अंशांना साधारण ०.१ बारने उतरते, म्हणजे २० अंशांत भरलेली हवा उणे ३० ला अर्ध्या बारने कमी. जागेवर थंड टायरमध्ये परत मोजून भरा. हे विसरून केलेली हँडलिंगची टेस्ट म्हणजे हवा कमी असलेल्या टायरची टेस्ट, बस.

ईव्हीचं वेगळं प्रकरण. शून्याखाली लिथियम-आयन सेल जोरात चार्ज केला तर आत लिथियमचा धातू साचायला लागतो आणि सेल कायमचा खराब होतो, म्हणून गाडी स्वतःच चार्जिंग आणि रीजनरेशन (वेग कमी करताना मोटरने बॅटरीत परत वीज भरणं, थोडक्यात रीजन) दाबून धरते. त्यामुळे दोन टेस्ट वेगळ्या करा: एक, पूर्ण चार्ज करून रात्रभर उभी आणि सकाळी रेंज. दुसरी, जेमतेम १० टक्के चार्ज ठेवून रात्रभर उभी, सकाळी थेट फास्ट चार्जरला. दुसरीत खरी गंमत, कारण पॅक गरम करायलाही त्याच पॅकमधली किंवा चार्जरची वीज लागते, आणि पहिली काही मिनिटं चार्जर लागलेला असतो पण टक्का हलत नाही. तो वेळ लिहा. गिऱ्हाईक तेच लक्षात ठेवतो. आणि ॲक्सिलरेटरचं पेडल सोडल्यावर नेहमी मिळणारा रीजनचा ब्रेक थंडीत मिळत नाही, गाडी पुढे पळत राहते, तो बदल ड्रायव्हरला आधी कळवला जातो का हेही बघा.

आता बर्फावरचं ड्रायव्हिंग. तळ्यावर जायचं तर बर्फाची जाडी जागेचे लोक मोजतात आणि त्यांचा शब्द शेवटचा. स्वच्छ कडक बर्फ साधी गाडी पेलायला २० ते ३० सेंटिमीटर लागतो असा ढोबळ हिशोब आहे, पांढरट बर्फ असेल तर तो निम्म्याच ताकदीचा धरतात. टेस्टच्या तळ्यांवरून साचलेला बर्फ सतत बाजूला काढतात, नुसता दिसायला साफ म्हणून नाही, वरचा मऊ बर्फ गोधडीसारखं काम करतो आणि खालचा थर जाड होऊ देत नाही.

एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. चालत्या गाडीच्या वजनाने बर्फ थोडा वाकतो आणि खालच्या पाण्यात लाट तयार होते. गाडीचा वेग आणि लाटेचा वेग जुळला तर ती लाट वाढत जाते आणि पातळ बर्फ फुटू शकतो. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो, ५ मीटर खोल पाण्यात साधारण ताशी २५ किमी, म्हणून काठाजवळ आणि तळ्यावर चढ-उतार करायच्या रॅम्पवर अगदी हळू जा म्हणतात ते उगाच नाही. आणि दोन जड गाड्या जवळ-जवळ उभ्या करून गप्पा मारू नका.

बर्फाची पकड दिवसभर बदलते. उणे २० चा बर्फ बऱ्यापैकी धरतो, उणे २ चा बर्फ तेल ओतल्यासारखा, त्यात दहा गाड्यांनी ब्रेक मारून पॉलिश केलेला असेल तर विचारूच नका. म्हणून टायरची किंवा एबीएसची तुलना करताना मध्ये-मध्ये एक ठरलेला संदर्भ टायर चालवायचा. क्रम असा: संदर्भ, नवीन, नवीन, परत संदर्भ. पहिला आणि शेवटचा संदर्भ यांच्यात फरक आला तर तितका बर्फ बदलला, तो वजा करून बोला. सकाळी जुना टायर आणि दुपारी नवीन असं केलेलं असेल तर तो रिपोर्ट सरळ टोपलीत.

पायरी ६: ऊन

उन्हातही उभं राहणं महत्त्वाचं, पण उलट कारणाने. गाडी बंद केली की पंखा आणि वारा दोन्ही थांबतात पण इंजिन आणि एक्झॉस्ट तापलेलेच असतात, त्यामुळे बॉनेटखालचं तापमान बंद केल्यावर पुढची १०-२० मिनिटं वाढत जातं. रबरी होज, वायरिंग, सेन्सर यांचं मरण तिथे. म्हणून घाट चढून आल्या-आल्या गाडी बंद करा, लॉगर चालू ठेवा, आणि सगळ्यात वाईट क्षण पकडून परत स्टार्ट द्या. चालताना सगळं ठीक होतं म्हणून लॉगर बंद करून जेवायला जाणारा इंजिनियर नेमकं हेच हुकवतो.

कूलिंगची टेस्ट चढावर करतात, ट्रेलर लावून. ॲरिझोनात डेव्हिस डॅमचा चढ प्रसिद्ध आहे, साधारण १८ किमी, आणि अमेरिकेतल्या जे२८०७ या टोइंगच्या स्टँडर्डमध्ये तोच धरलाय. बाहेर निदान ३८ अंश, एसी पूर्ण थंडवर, पंखा फुल, आणि मागे प्रत्येक बाजूला एकच चाक असलेल्या गाडीचा वेग ताशी ६४ किमीच्या खाली जाता कामा नये. एसी बंद करून चढणं म्हणजे कॉपी करून पास होणं.

समजा तुम्हाला ५० अंशांचं उत्तर पाहिजे आणि त्या दिवशी ३८ च मिळाले. मग कूलंट आणि हवा यांच्यातला फरक घ्या. कूलंट १०८, हवा ३८, फरक ७०. कूलंटची मर्यादा १२० असेल तर ही गाडी साधारण ५० अंशांपर्यंत तग धरेल. पण हा हिशोब थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) पूर्ण उघडलेला असेल, पंखा फुल असेल आणि तापमान स्थिर झालं असेल तेव्हाच चालतो. कूलंट ९५ ला असताना थर्मोस्टॅट अजून अर्धवट, तिथे हा हिशोब लावून गाडीला नापास करणारे लोक मी बघितलेत, आणि पास करणारेही.

केबिनसाठी गाडी काचा बंद करून भर उन्हात, नाक सूर्याकडे. ऊन किती आहे तेही मोजा, कडक दुपारी दर चौरस मीटरला १००० वॅटच्या आसपास येतं. हवा ४५ अंशांची असली तरी ढगाळ दिवस मोजू नका. मग ठरलेल्या वेगाने अर्धा तास चालवून नाकाजवळची हवा किती वेळात किती खाली येते ते बघा, आणि लगेच नंतर गाडी उभी करून इंजिन चालू ठेवून एसी. चालताना वाऱ्याने कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर सोडणारी जाळी) गार राहतो, उभ्या गाडीत फक्त पंखा, आणि तापलेल्या डांबराची हवा परत-परत तोच पंखा ओढतो. बरेच एसी चालत्या गाडीत झकास आणि सिग्नलवर गळपटलेले असतात. याच्या जोडीला स्क्रीन बंद पडते का, डॅशबोर्डचं प्लास्टिक काचेवर धुरकट थर सोडतं का, सीटबेल्टचं धातूचं टोक हाताला चटका देतं का, हे सगळं हातानेच तपासायचं.

पायरी ७: उंची

वर गेलं की हवा विरळ, टर्बो नसलेलं इंजिन दर १००० मीटरला साधारण १० टक्के ताकद गमावतं. टर्बोचं इंजिन ताकद धरून ठेवतं पण त्यासाठी टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं, म्हणून टर्बोचा स्पीड बघा, नुसता पिकअप बघून खूश होऊ नका. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ब्रेक बूस्टरची मदत बाहेरच्या हवेच्या दाबावर असते, ४३०० मीटरवर तो दाब सपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे पेडल जड लागतं. पटापट तीन-चारदा ब्रेक दाबून बघा.

उतरताना ब्रेक. डॉट ४ जातीच्या ब्रेक फ्लुइडचा उकळबिंदू ताजं असताना किमान २३० अंश, पाणी शोषलं की किमान १५५ च. टेस्टमध्ये पूर्ण भार, पूर्ण उतार, आणि खाली आल्यावर गाडी पाच-दहा मिनिटं उभी करून परत पेडल दाबा, कारण गाडी उभी राहिल्यावर डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागात) जाते आणि पेडल तेव्हा खाली बसतं. ईव्ही असेल तर माथ्यावर १०० टक्के चार्ज करून उतरायला लागा. भरलेल्या बॅटरीत रीजनला जागाच नाही, सगळा भार साध्या ब्रेकवर येतो, आणि माथ्यावर घर असलेला माणूस रोज सकाळी हेच करणार आहे.

पायरी ८: पाणी, धूळ, मीठ

हे पटकन. हौदात पाण्याची खोली आणि वेग दोन्ही लिहा, जोरात गेलं की पुढे उठलेली लाट इनटेकमध्ये जाते. धुळीच्या बोगद्यानंतर दारांची रबरं आणि सीटखालची जागा हात फिरवून बघा, टॉर्च लावा. मिठाच्या फवाऱ्याची लॅबमधली टेस्ट ५ टक्के मिठाच्या पाण्याने ३५ अंशांवर होते, पण ती नुसती रंगाच्या पट्टीला ठीक. अख्ख्या गाडीला मीठ, ओल, कोरडं, दगडांचा मार असं आलटून-पालटून द्यावं लागतं. रंग आणि प्लास्टिक उन्हात कसं टिकतं यासाठी फ्लोरिडाची दमट हवा आणि ॲरिझोनाची कोरडी अशा दोन्हीकडे नमुने महिनोन्‌महिने उघड्यावर ठेवतात.

ओल्या रस्त्यावर आणि प्लास्टिकच्या शंकूंमधून लेन बदलायच्या टेस्टमध्ये मात्र घाई नको. १९९७ मध्ये स्वीडनच्या एका ऑटो मासिकाने अशीच अचानक वळवायची टेस्ट घेताना मर्सिडीजची नवीन ए-क्लास उलटली होती, नंतर कंपनीने त्या गाडीत स्थिरता राखणारी ईएसपी यंत्रणा सगळ्या मॉडेलना दिली. म्हणून वेग दोन-दोन किमीने वाढवा, भार पूर्ण ठेवून परत करा, आणि उलटायचा धोका असेल तर बाजूला आधाराची चाकं लावा.

पायरी ९: डेटा आणि परत येणं

रोज रात्री, म्हणजे त्याच रात्री, प्रत्येक फाइल उघडून बघा. सेन्सर सुटला होता हे घरी पोचल्यावर कळलं तर पुढचा हिवाळा दहा महिन्यांनी. फाइलच्या नावात तारीख, गाडी नंबर, टेस्ट आणि प्रयत्न क्रमांक. ड्रायव्हरचं बोलणं मोबाईलवर जमेल तिथे रेकॉर्ड करा, पण ट्रॅकवर कॅमेऱ्याला बहुतेक ठिकाणी सील लावतात, दुसऱ्या कंपनीची झाकलेली गाडी शेजारीच असते, तेव्हा साधी वही बरोबर असू द्या. पेन नको, पेन्सिल. पेनची शाई गोठते.

गाडी परत आली की खालून धुवायची घाई करू नका. आधी उचलून फोटो काढा, कुठे मीठ साचलंय, कुठे बर्फाने कव्हर फाडलंय, कुठली क्लिप गळालीय. मग कोमट पाण्याने धुवा, वाळवा, परत फोटो. मग चाकाच्या कमानीतलं अस्तर आणि खालची कव्हरं काढून आत काय अडकलंय ते बघा आणि सगळे बोल्ट परत टॉर्क लावून तपासा. आणि तोच २० अंशांचा बेसलाईन परत एकदा करा, तेच ब्रेकिंग, तोच आवाज, तोच स्टार्ट. पहिल्या वेळच्या शीटच्या शेजारचा रकाना याच्यासाठीच रिकामा ठेवलेला असतो.